पन्नास हजार तर सगळेच कमावतात?

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

«ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. पेन्शन तीन हजारांच्या थोडं वर येतं. चार एकर वडिलोपार्जित कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि मका घेतो. दोन मुली. मोठीचे यजमान जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत, वय एक्केचाळीस, पगार सत्तर हजारांच्या वर. धाकटी सत्तावीसची, बीएस्सी आणि डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झालेली, अमळनेरात एका लॅबमध्ये बारा हजारांवर जाते.

तिला एक स्थळ आलंय. मुलगा अठ्ठावीसचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात चार वर्षांपासून आहे. हातात २६ हजार पडतात. जळगावात घर स्वतःचं, यावल तालुक्यात वडिलांची तीन एकर केळी. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत. पण मोठे जावई म्हणतात, ‘आजकाल पन्नास हजार तर सगळेच कमावतात, घाई कशाला?’ माझी बहीण म्हणते, ‘पोऱ्या चांगला शे, पन तेवढा पगारमा काय व्हई?’ भाचा पुण्यात आयटीत बारा लाखांच्या पॅकेजवर आहे. समाजाच्या बायोडाटा ग्रुपवर पाहावं तर सहा लाख, आठ लाखांच्या खाली कोणी नाही. पन्नास हजारवाला मिळत असेल तर एक एकर विकून लग्न जोरात करून द्यायची माझी तयारी आहे. एवढंच सांगा, साधारण माणूस आज महिन्याला किती कमावतो? मुलीला खड्ड्यात तर घालत नाही ना मी? गावात मला सगळे आप्पा म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.»

आप्पा, नमस्कार.

खड्ड्यात घालत नाही आहात. महिन्याला २६ हजार हातात घेणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आपल्या देशातल्या कमावत्या माणसांच्या रांगेत बराच पुढे उभा आहे, पाचातल्या चौघांच्या तरी पुढे. जावईबापूंचं ‘सगळेच’ त्यांच्या शिक्षक मंडळींत खरं असेल, पण शाळेच्या फाटकाबाहेर ते टिकत नाही. इथेच थांबता आलं असतं. पण तुम्ही जमीन विकायची भाषा काढलीत, म्हणून हिशेब नीट मांडते. बँकेत कर्जखात्यावर असताना लोकांच्या पगाराच्या स्लिपा पाहण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. माणूस सांगतो तो पगार आणि स्लिपवरचा पगार यांतलं अंतर मला पाठ आहे.

केंद्र सरकारचं सांख्यिकी खातं घरोघर माणसं पाठवून श्रमबलाची पाहणी करतं. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाची पाहणी बघा. काम करणाऱ्या शंभर माणसांत ५८ जण स्वतःच्या कामात आहेत. यात शेतकरी आला, रिक्षावाला आला, पानटपरी, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, मोठी दुकानं, डॉक्टर-वकील सगळे आले. वीसेक जण रोजंदारीवर आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे उरतात ते फक्त २२. म्हणजे ‘मुलाला पगार किती?’ हा प्रश्न ज्याला विचारता येईल असा माणूसच पाचात जेमतेम एक सापडतो.

त्या ५८ जणांत आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणवत नाही. त्यातले १९ जण घरच्याच शेतात किंवा दुकानात राबतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. वहिनी कपाशी वेचायला, निंदायला शेतात जात असतील तर सरकारी मोजणीत त्या कामकरी आहेत आणि त्यांची कमाई शून्य आहे. देशातला जवळपास प्रत्येक पाचवा कामकरी माणूस असा बिनपैशाचा आहे. ‘सगळेच कमावतात’ म्हणणाऱ्याने इथूनच मोजायला सुरुवात करावी.

आता रुपये. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत देशातल्या पगारी माणसाची सरासरी कमाई महिन्याला २१,१०३ रुपये निघाली. रोजंदारीची सरासरी दिवसाला ४३३ रुपये होती. महिन्यात वीस दिवस काम मिळालं तर त्याचे साडेआठ हजारांच्या थोडे वर होतात, आणि पावसाळ्यानंतर वीस दिवस काम कुठे मिळतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर तर ३१२ रुपये होता. स्वतःचं काम करणाऱ्यांची सरासरी तेरा-चौदा हजारांच्या घरात आहे. बायकांची कमाई प्रत्येक खान्यात कमी आहे. पगारी नोकरीत पुरुषाला शंभर मिळतात तिथे बाईला पाऊणशेच्या आसपास, मजुरीत दोन-तृतीयांश, आणि स्वतःच्या धंद्यात जेमतेम एक-तृतीयांश.

शेतकऱ्याचं वेगळं सांगते, कारण तुम्ही स्वतः शेतकरी आहात. २०१८-१९ साली सरकारने शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली होती. देशाची सरासरी निघाली महिन्याला १०,२१८ रुपये, आणि ती एका माणसाची नाही, सगळ्या घराची. त्यातले पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. शेतकरी म्हणून नोंदलेल्या घराला शेतापेक्षा दुसरीकडच्या मजुरीतून जास्त पैसे मिळत होते. पुढे नाबार्डने २०२१-२२ साली मोजलं तेव्हा शेतकरी कुटुंबाची मिळकत १३,६६१ निघाली. तुमचा होऊ घातलेला जावई एकटा त्याच्या जवळपास दुप्पट आणतो.

तुम्ही म्हणाल, लोक सरकारी माणसाला खरं कुठे सांगतात? बरोबर आहे. कपाशी किती झाली हे तुम्ही शेजाऱ्याला सांगत नाही, पाहणीवाल्याला काय सांगणार! वरच्या थरातले लोक तर जास्तच लपवतात. त्यामुळे प्रत्येक आकड्याला थोडं मागेपुढे धरा. पण कितीही मागेपुढे धरलं तरी २१ हजारांचे पन्नास हजार होत नाहीत.

या २१ हजारांतही एक मेख आहे. ही सरासरी आहे, आणि सरासरी मधल्या माणसाची कमाई सांगत नाही. पारावर दहा जण बसलेत असं धरा. सात जण दहा-दहा हजार कमावतात, दोघे वीस-वीस हजार आणि एकजण एक लाख चाळीस हजार. बेरीज अडीच लाख, सरासरी पंचवीस हजार. दहापैकी नऊ जण सरासरीच्या खाली आहेत आणि रांगेतल्या मधल्या माणसाच्या हातात दहाच हजार आहेत. देशाचं चित्र याच्या फार जवळ जातं. २०२२-२३ सालच्या उत्पन्नाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी काढलं की भारतातल्या प्रौढ माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला सव्वादोन लाखांच्या थोडं वर येतं, पण रांगेत अगदी मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचं लाख-सव्वा लाखाच्या आतच असतं. सरासरी गाठायची तर शंभरात मागून मोजत जवळजवळ नव्वदाव्या जागेवर जावं लागतं. एकूण उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा वरच्या दहा टक्क्यांकडे जातो, म्हणून असं होतं. या मुलाचे २६ हजार गुणिले बारा म्हणजे तीन लाख बारा हजार. आता तुम्हीच त्याला रांगेत उभा करा.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी २०२२ साली विषमतेवर एक अहवाल तयार झाला होता. त्यात २०१९-२० च्या आकड्यांवरून म्हटलं होतं की महिन्याला २५ हजार मिळवणारा माणूस कमावत्यांच्या वरच्या दहा टक्क्यांत बसतो. आज ती रेघ वर सरकली असणार, हे मान्य. पण त्याच्या दुप्पट कमावणारे त्या दहांतले किती असतील? आणि तुमचे जावई म्हणतात ते ‘सगळेच’!

मग तुम्हाला पन्नास हजारवाले चहूकडे का दिसतात? तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे. तुम्ही ज्यांना मोजलंत ते बघा: एक शिक्षक, एक आयटीवाला, एक बायोडाटा ग्रुप. सुरतेत उधन्याला, लिंबायतला लूमवर बारा तासांची पाळी करून मीटरवर पैसे घेणारी आपल्या खान्देशातली पोरं त्या ग्रुपवर नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवून दुसऱ्याच्या शेतात राबणारा सालदार नाही. नंदुरबारकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब नाही. जळगावच्या दाळमिलमध्ये गोण्या उचलणारा नाही, सराफ बाजारात काउंटरवर उभा राहणारा मुलगाही नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखा आकडा असतो तोच बायोडाटा टाकतो, आणि टाकताना आकडा जरा फुगवून टाकतो. बाकीच्यांची लग्नं मामा-मावशी जमवतात. उरलेल्यांची जमतच नाहीत, तो विषय मोठा आहे, आज नको.

जावईबापूंचं घेऊ. त्यांचा सत्तर हजार पगार कष्टाचा आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण ते एक्केचाळीसचे आहेत आणि हा मुलगा अठ्ठावीसचा. त्यांना या वयात काय मिळत होतं ते जेवताना सहज विचारा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लागलेल्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं नुसतं मानधन असतं. ते २०२३ पर्यंत महिन्याला ६ हजार होतं, आता १६ हजार आहे. तीन वर्षांनी मूळ वेतन २९,२०० लागतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं, आणि मग वर्षागणिक वाढ. सरकारी वेतनश्रेणीत माणूस एकदा शिरला की वय वाढेल तसा पगार चढतो. खासगी कारखान्यात तसं आपोआप होत नाही, हे तुमच्या काळजीतलं खरं आहे. पुढे त्यावर येते.

भाच्याचं पॅकेज. बारा लाख म्हणजे महिन्याला एक लाख, असा हिशेब बायका-पोरं करतात. कंपनी पॅकेजमध्ये स्वतःच्या वाट्याचा पीएफ धरते, ग्रॅच्युइटी धरते, विम्याचा हप्ता धरते आणि कामगिरीवर मिळेल न मिळेल असा बोनसही धरते. हातात ऐंशी हजारांच्या आसपास पडतात. वाईट नाहीत, पण हिंजवडी-वाकडकडे एका बेडरूमचं भाडं अठरा-वीस हजारांच्या आत मिळणं अवघड. आणि भाचाही पहिल्या दिवसापासून बाराचा नसणार. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या पोरांना साडेतीन लाखांच्या आसपास घेतात, आणि हा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ जवळपास तिथेच खिळलेला आहे. महिन्याचा हिशेब केलात तर तो तुमच्या पाइप कारखान्याच्या मुलापाशीच येऊन बसतो.

अमळनेरकर आहात म्हणून आणखी एक सांगते. १९४५ साली तुमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी तेव्हाचे शेअर्स जपून ठेवले त्या घरांसमोर आज गाड्या उभ्या आहेत, हे अमळनेरात शेंबडं पोरही सांगेल. ती गाडी पगारातून आलेली नाही. माडी बघून, गाडी बघून, लग्नातला मांडव बघून आपण शेजाऱ्याची महिन्याची कमाई ठरवतो, पण त्यात आजोबांचे शेअर्स असतात, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला असतो, आणि कितीतरी वेळा पतसंस्थेचं कर्ज असतं. कर्जखात्यावर बसून मी हे तिसरं सर्वांत जास्त पाहिलं.

देश म्हणून बघायचं तर आणखी एक मोजमाप आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत २०२३-२४ साली देशात काम करणारे ६४ कोटी लोक होते. ३१ जुलै २०२४ पर्यंत प्राप्तिकराची विवरणपत्रं भरली गेली ७ कोटी २८ लाख, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कर लागलाच नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य केला तेव्हा टीव्हीवर दिवसभर मध्यमवर्ग, मध्यमवर्ग चाललं होतं. महिन्याला लाख रुपये मिळवणारा माणूस टीव्हीवर मध्यम असतो, रांगेत तो पार टोकाला असतो. जागेचाही फरक आहेच. मुंबई, ठाणे, पुणे वर आणि आपलं नंदुरबार राज्याच्या तळाशी, हे दरवर्षीच्या आर्थिक पाहणीत दिसतं. नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्हे निवडले त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबारही होतं.

हे सगळं वाचून तुम्ही लगेच होकार कळवायला निघाल, तर जरा बसा. रांगेत पुढे असणं वेगळं आणि घर चालणं वेगळं. हा मुलगा पाचातल्या चौघांच्या पुढे आहे, याचा एक अर्थ तो बरा कमावतो आणि दुसरा अर्थ बाकीचे चौघे फार कमी कमावतात. २०१७ सालच्या जुलै-सप्टेंबरात पगारी माणसाची सरासरी १६,५३८ होती. सात वर्षांत ती २१,१०३ झाली, म्हणजे अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास वाढली. त्याच काळात महागाई चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढली. पगाराचा आकडा मोठा झाला आणि त्यात येणारा किराणा कमी झाला. तुमच्या बहिणीचा ‘काय व्हई?’ हा प्रश्न म्हणून मी उडवून लावणार नाही. जळगावात स्वतःचं घर असेल तर २६ हजारांत दोघांचं नीट चालतं. मूल झालं, इंग्रजी शाळेची फी आली, आई-वडिलांचा दवाखाना आला की ओढाताण सुरू होते. त्यासाठी आज काय विचारायचं ते सांगते.

सर्वांत आधी, तो कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या? एमआयडीसीत एकाच मशीनवर एकाच पाळीत दोन माणसं उभी असतात, एक कंपनीचा आणि एक ठेकेदाराचा. देशातल्या पगारी लोकांत निम्म्याहून जास्त जणांकडे नोकरीचा लेखी करारच नाही. त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र असेल तर ते पगाराच्या आकड्याइतकंच मोलाचं समजा. मग तीन महिन्यांच्या स्लिपा मागा. २६ हजारांत ओव्हरटाइम किती आणि मूळ पगार किती, ते तिथे कळेल. पाइपची मागणी पावसाळ्यात उतरते, ओव्हरटाइम बंद होतो, आणि २६ चे २० होतात की काय, हे लग्नाआधी माहीत असलेलं बरं.

पीएफचं पासबुक मोबाइलवर दिसतं, तेही बघा. चार वर्षांत पैसे काढून घेतलेत की तसेच आहेत? तुमचं तीन हजारांचं पेन्शन ज्या १९९५ च्या योजनेतून येतं, त्याच योजनेत तो आहे. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजार आहे, म्हणून म्हातारपणी पेन्शनवर त्याचंही भागणार नाही, हे तुमच्याएवढं कोणाला कळणार! पीएफला हात न लावणारा मुलगा पुढचा विचार करतो, एवढं त्यावरून नक्की समजतं. आणखी एक बारीक गोष्ट: ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगारमर्यादा २१ हजार आहे. ओव्हरटाइम सोडूनही हा त्याच्या वर असेल, तर ईएसआयचा दवाखाना त्याला मिळत नसेल. कंपनीने मेडिक्लेम काढलाय का, नसेल तर त्याने स्वतः काढलाय का, हे विचारा. दवाखान्याच्या एका बिलाने वर्षाची बचत गेलेली घरं मी खूप पाहिली आहेत.

कर्ज विचारायला संकोच करू नका. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोसायटीचं पीककर्ज, बहिणीच्या लग्नाची उसनवारी. केळीचे तीन एकर ऐकून खूश होऊ नका आणि नाकही मुरडू नका. भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर हलतो, करपा पडतो, मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत झोपते. एखाद्या वर्षी केळी त्याच्या पगाराच्या दुप्पट देईल, एखाद्या वर्षी पगार केळीला पोसेल. म्हणून ते उत्पन्न महिन्याच्या खर्चात धरायचं नाही, वरकड धरायचं.

आणि पगार पुढे चढेल कसा, हे त्याच्याच तोंडून ऐका. चार वर्षांत हुद्दा बदलला का, नवं मशीन शिकला का, डिप्लोमावर डिग्री करायचा विचार आहे का. खासगीत पगार वयाने वाढत नाही, हाताला नवं काम आलं की वाढतो. नोकरी बदलली तरी वाढतो. या प्रश्नाला तो काय उत्तर देतो, त्यावर मी त्याच्या २६ हजारांपेक्षा जास्त वजन ठेवीन.

आता तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट. तुम्ही सगळ्यांचे पगार तोलले आणि मुलीचे बारा हजार कुठेच जमेस धरले नाहीत. २६ आणि १२ मिळून ३८ होतात, आप्पा. डीएमएलटी ही गावोगाव चालणारी विद्या आहे. जळगावात दवाखाने आणि लॅब अमळनेरपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तिथे तिला बाराच्या वर मिळायला हरकत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या लॅबला ईएसआय लागू होतो, आणि तिच्या पगाराला तो मिळू शकतो, बाळंतपणाच्या पगारी रजेसकट. तेव्हा बैठकीत मुलाला जे विचाराल त्यात हेही विचारा की लग्नानंतर हिने काम करायला त्याची आणि घरच्यांची खुल्या मनाने तयारी आहे का. तिच्या नोकरीला ‘गरज पडली तर’ म्हणणाऱ्या पन्नास हजारवाल्यापेक्षा ‘जळगावात लॅब शोधू’ म्हणणारा २६ वाला हिशेबानेसुद्धा फार मागे नाही.

राहिला एकर. पन्नास हजारवाला मिळावा म्हणून जमीन विकायची, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. हुंडा म्हणायचं नाही, मुलीची हौस म्हणायचं, आणि मुलाच्या पगाराप्रमाणे हौसेचा भाव ठरवायचा, हे आपल्याकडे चाललंय ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. १९६१ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. पण कायद्याचं सोडा, हिशेब करा. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय. एका एकराचे पैसे दागिने, हॉल आणि जेवणावळीत आठवड्यात संपतात. जास्त पगाराचा मुलगा तुम्ही तुमच्या म्हाताऱ्या वयाची भाकरी देऊन आणाल, आणि तुमचं पेन्शन तीन हजार आहे. दुसरं म्हणजे, जमीन वडिलोपार्जित असल्याचं तुम्हीच लिहिलंय. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून अशा जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. दोन मुलींचे बाप आहात तुम्ही. तो एकर विकाल तेव्हा तुम्ही धाकटीचाच हिस्सा विकून तिला नवरा आणत असाल, आणि मोठीचाही, तिला न विचारता.

लग्न साधं करा आणि एकर राहू द्या. बैठक आखाजीच्या आत ठेवा, म्हणजे मुलालाही सुटी काढता येईल. दोन्हीकडच्या स्लिपा, पासबुकं, हप्ते समोर येऊ द्या, तुमच्या मुलीचेही. तिला शेजारी बसवा, प्रश्न तिलाच विचारू द्या, तिने ते आधीच विचारून ठेवले असण्याचीही बरीच शक्यता आहे. जावईबापूंना शेवभाजीचं आमंत्रण जरूर द्या, पण दुसऱ्या दिवशीचं.